दत्तूने मांडव वेळेवर सोडला

दत्तू गेला. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

शिव्या द्यायच्या आधी पुढचं वाचा.

श्रीरामपुरात ज्याच्या दारात लग्न, त्याच्या दारात दत्तू मंडपवाल्याचे बांबू. माझा लंगोटीयार.

त्याच्या फुफ्फुसात गाठ निघाली. पहिल्या केमोनंतर पायांना मुंग्या आल्या आणि गडी अडून बसला.
"औषध आत काय करतंय तेच ठाव न्हाई. मला न्हाई घ्यायचं."
आणि घोर तर एकच, धाकट्या लेकीच्या, सुमीच्या लग्नापर्यंत जगायचं!

माझी शाळा सातवीपर्यंत, पण मोबाईलवर वाचायची खोड. डॉक्टरांना विचारलं, जमेल तेवढं वाचलं आणि त्याच्या गोडाऊनमध्ये जाऊन बसलो.

"दत्त्या, एका पेशीच्या दोन होताना आत मांडव पडतो. त्यातल्या बांबूंना मायक्रोट्यूब्यूल म्हणतात."
"बांबू आणतं कोन?"
"तुकडे आतच सुटे पडलेले असतात. पण कुठंही उभे राहत नाहीत. एक बारीकसं कडं असतं, त्यावर पहिले तुकडे बसले की बांबू वाढतो. वाटणीची वेळ आली की पेशी अशी कडी जास्त कामाला लावते."
"म्हंजी मुहूर्तमेढ! ती रवल्याबिगर आमीबी बांबूला हात लावत न्हाई."
"अगदी. वाटणी झाली की मांडव सोडायचा. गाठीतल्या पेशी मात्र उठसूट मांडव घालतात."
"अन औषध?"
"बांबू जागच्या जागी आवळून टाकतं. वाटणी होत नाही, पेशी अडकून मरते."
"मग माझ्या पायानं काय घोडं मारलंय?"
"नसांमध्येही तेच बांबू, बाबा. त्यांनाही धक्का लागतो."

त्याने पाय चोळले. मग हसला.
"एवढंच व्हय? आधी सांगायचं ना, येड्या!"

डॉक्टरांनी पाय बघून पुढचे डोस बेताने दिले. दत्तूने सगळे घेतले.
गाठ पुरती गेली नाही.
पण वेळ मिळाला.

सुमीच्या लग्नात त्याच्याच माणसांनी घाईघाईत मेढीआधीच मांडव उभा केला. दत्तू खुर्चीतून ओरडला,
"सोडा समदं! हितंबी गाठ वाढवायची हाय का?"

सुमी हसता हसता रडली.
मांडव सोडला. मेढ दत्तूने स्वतःच्या हाताने रोवली. मग पुन्हा बांधला.

लग्न झालं. काल मांडव सुटला, शेवटची दोरी त्यानेच सोडली.
"चला, लावा गोडाऊनला," म्हणाला, आणि दुपारी जरा आडवा झाला तो उठलाच नाही.

दारात मेढीचा खड्डा अजून तसाच आहे.

दत्त्या, आता पायांना मुंग्या नाहीत.
सावकाश जा, गड्या.
तुझ्या येड्याचा रामराम.