लायसन आहे म्हणून

आठवलं की अजूनही डोकं फिरतं माझं.

गावात ड्रोन उडवायचं लायसन माझ्या एकटीकडे आहे. पुण्याला राहून शिकले, परीक्षा दिली. तिथे पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यात भरवलं होतं, की शेत आपलं असलं तरी वरचं आकाश आपल्या मालकीचं नाही. मोबाइलवरच्या नकाशात जिथे लाल रंग, तिथे परवानगीशिवाय पंखासुद्धा फिरवायचा नाही. आमचं भुसावळकडचं अर्धं शिवार लाल आहे, कारण पलीकडे दारूगोळ्याचा कारखाना. त्या बाजूच्या केळीवर मी कधी ड्रोनने फवारणी केली नाही. लोक म्हणायचे, "मग शिकली कशाला व माय?" टीव्हीवर सीमेवरची ड्रोनं दिसली, तेव्हा हेच लोक मला विचारायला आले, "तुझ्या ड्रोनमधून बॉम्ब टाकता येतो का?"

उन्हाळ्यात चुलत दिराच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. वरातीचं शूटिंग करायला चुलत दिराने सुरतेहून छोटं ड्रोन आणलेलं. त्याला ना नंबर, ना नोंद. मी हात जोडून सांगितलं, "भाऊ, इथे लाल आहे, उडवू नका."

"वहिनी, तुमचं फवाऱ्याचं. माझं शूटिंगचं. त्याला कसला आलाय कायदा?"

उडवलं. वारा सुटला आणि ते कारखान्याच्या भिंतीपलीकडे जाऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले ते थेट आमच्या दारात. का, तर सरकारी नोंदीत गावातलं एकच नाव, माझं! अंगणात माझं भलंमोठं ड्रोन उभं, औषधाची टाकी लावलेलं, दोन माणसांनी उचलायचं. पडलेलं तळहाताएवढं. तरी साहेब मलाच म्हणाले, "उद्या चौकीवर या."

खरा संताप त्यानंतरचा. संध्याकाळी सगळे आमच्या ओट्यावर जमले. सासरे म्हणाले, "तू सांगून टाक, माझंच होतं म्हणून. तुझ्याकडे लायसन आहे, तुला कोण काय करणार?"

अहो, लायसन म्हणजे काय गुन्हा माफ करायची चिठ्ठी आहे? उलट मला सगळं माहीत होतं म्हणून मलाच जास्त धरतील! मी विचारलं, "आणि लायसन गेलं तर?"

"गेलं तर गेलं. घरात काय कमी आहे तुला?"

चुलत दीर खाली मान घालून चहा पीत होता.

मी चौकीवर गेले. माझं कार्ड टेबलावर ठेवलं, माझ्या ड्रोनचा नंबर दाखवला आणि म्हटलं, "हे माझं. पडलेलं कुणाचं ते सांगते, लिहून घ्या."

घरी आले तर सासरे दारातच उभे. "घरातल्या माणसाचं नाव घेतलंस तू?"

"आबा," मी म्हटलं, "काल तुम्ही कुणाचं नाव देत होता?"