डंकाचं मीठ

महेशचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "काकी, आक्का गेली," एवढंच म्हणाला... एरवी त्याचा फोन आला की मागे डंकाची धडधड असायची. त्या सकाळी ती नव्हती. रेवा, ईशान, तुम्हा नातवंडांना तिकडे तेव्हा दोन ओळींत कळवलं होतं. आता मन थोडं थाऱ्यावर आलंय, म्हणून नीट लिहिते.

आक्का माझी थोरली जाऊ, महेशची आई. मंगळवार पेठेत तिचा चटणीचा डंक होता. विजेवर वरखाली होणारी लोखंडी मुसळं आणि त्यांच्याखाली उखळ, एवढाच पसारा. उन्हाळा लागला की बायका वाळवलेल्या मिरच्या, भाजलेला मसाला, कांदा-लसूण घेऊन यायच्या आणि आपली चटणी कुटून होईस्तोवर स्टुलावरून हलायच्या नाहीत. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, रंग वेगळा. मी कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. गिऱ्हाइकागणिक एकेक काम, मग गटागटाने केलेला माल, मग अखंड चालणारं मोठं उत्पादन, असं फळ्यावर ओळीने मांडायचे. एकदा आक्काला म्हटलं, तुझा डंक पहिल्या प्रकारात बसतो. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, कुठं बी बसूदे. चौगुले वहिनींच्या मिरचीत लसूण गेला तर त्या मला बसू द्यायच्या न्हाईत!"

चौगुल्यांचं घर जैन, कांदा-लसूण न खाणारं. म्हणून सकाळी धुतलेल्या उखळात पहिला नंबर त्यांचा. पुढे दिवसभर, एका घरची चटणी निघाली की दुसऱ्या घरची घालण्याआधी आक्का मूठभर खडेमीठ उखळात टाकून कुटायची. कडेला चिकटलेलं सगळं त्या मिठाला लागून यायचं. ते लाल झालेलं मीठ ती फळीवरच्या चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवायची. "चांगलं मीठ टाकतंय व्हय कोण?" असं म्हणून आपल्या घरच्या चटणीत तेच घालायची. त्यामुळे आपली चटणी कायम खारट. तुमचे आजोबा कुरकुरत पाणी प्यायचे आणि पुन्हा भाकरीला तीच लावून घ्यायचे.

महेश इंजिनिअर झाला. त्याने गडमुडशिंगीला चटणीचा कारखाना काढला. दिवसभर एकच चव, मधे थांबायचं नाही, धुवायचं नाही. प्रमाण आपल्याच घरचं घेतलं होतं. पहिली पाकिटं तुम्हाला पाठवली, तेव्हा रेवा, तू व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, "आजी, छान आहे, पण ही आपली नाही गं." महेशचा चेहरा पडला. आक्का मात्र खदखदून हसली.

"डंकाचं मीठ कुठाय त्यात?"

"आक्का, मीठ मोजून घातलंय."

"ते दुकानचं. ह्या बरणीत सगळी गल्ली हाय."

मी मधे पडले नाही, कारण महेशचंही खरं होतं. ती बरणी एका दिवसाच्या पाकिटांनाही पुरली नसती, आणि विकत घेणाऱ्याला गेल्या वेळचीच चव हवी असते. कारखान्यात बायकांना बाराही महिने काम मिळालं, ते डंकाने कधी दिलं नसतं. पण पाकिटं ठेवायला जागा पुरेना, तसा महेश डंक बंद करायचं म्हणू लागला. आक्का तेवढ्या एका गोष्टीवर अडून बसली. शेवटी शेवटी तिला धाप लागायची, तरी दारात खुर्ची टाकून ती मुसळांचा आवाज ऐकत बसे. आमच्या शेवटच्या भेटीत तिने महेशला विचारलं, "माझ्या मागनं बंद करणार न्हवं?" तो तिची शाल सारखी करत राहिला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, व्हय म्हणायला बी भितंय..."

चटणीचा हंगाम तिच्याशिवाय सुरू झाला. महेशने डंकाच्या जागेत पाकिटांसाठी फळ्या मारायला सुताराला बोलावलं होतं, मीही तिथेच होते. तेवढ्यात चौगुले वहिनी पिशवी घेऊन आल्या आणि नेहमीच्या स्टुलावर बसल्या.

"वहिनी, डंक बंद केलाय."

"बरं," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. "मिरच्या कडक वाळल्यात. आता कूट, मग बंद कर."

महेशने उखळ धुतलं, बटण दाबलं. त्यांची चटणी निघेपर्यंत दारात आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. महेशने त्यांच्याकडे पाहिलं, सुताराकडे पाहिलं. मग डब्यातलं मूठभर खडेमीठ उखळात टाकलं. लाल मीठ ओंजळीत घेऊन तो मला म्हणाला, "काकी, बरणी काढ की जरा." सुतार मापं न घेताच गेला.

यंदा आपली चटणी मी केली. घरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. त्या बरणीला मात्र आक्काने कधी लावू दिली नाही. "कुणाकुणाचं नाव लिवणार?" म्हणायची. परवा हातात चिठ्ठी घेतली होती... तशीच परत ठेवली.

तुमचा डबा काल रवाना केला. मीठ जास्त आहे. पाणी घेऊन बसा.