केन्नाचे निळे केस

नवऱ्याच्या शवपेटीवरच्या चेहऱ्याचे केस काळे रंगवलेले पाहताच वेबखेतने हातातली टोपली खाली आदळली.

"अमेक, हे काय रे?"

अमेक तिच्या दिराचा मुलगा, पेट्या रंगवणारा. कुंचला धूत तो म्हणाला, "काकू, मी काय करू? देवळाचा भांडारी निळा रंग देईना. म्हणाला, भट्टीवाल्याला काळा पुरे."

तिचा नवरा केन्ना आयुष्यभर देवळाच्या भट्टीवर होता. वाळू, चुना, खार आणि झिजलेल्या छिन्न्यांचं तांबं एकत्र भाजून तो निळ्या वड्या काढी आणि वेबखेत त्या पाट्यावर वाटी. नाईलपलीकडून लग्न होऊन ती आली, ती त्या पाट्यासमोरच बसली. देवांचे केस निळे असतात. मेलेल्या माणसाला त्यांच्यात जाऊन बसायचं, तर त्याचेही निळेच हवेत. पश्चिमेच्या डोंगरातल्या थडग्यांत कितीतरी अधिकारी या दोघांचा निळा डोक्यावर घेऊन निजले होते. भांडाऱ्याची पेटी तर तो जिवंत असतानाच रंगून तयार होती.

ती तडक भांडारात गेली. भांडारी कांदा-भाकरी खात होता.

"बाई, तो निळा देवाचा आहे."

"देव कधी भट्टी फुंकायला आला होता?"

"तोंड सांभाळ."

"इतकी वर्षं सांभाळलंच की! तुमच्या पेटीवर फासलाय तो कुठल्या देवाचा?"

पहारेकऱ्याने तिला बाहेर काढलं.

प्रेत टिकावं म्हणून अजून खारात मुरत होतं, पण लवकरच घरी येणार होतं. तणतणत ती घरात शिरली आणि कोपऱ्यातल्या कपड्यांपाशी थांबली. कामावरून निघताना फाटकाशी प्रत्येकाने अंगावरचे कपडे चटईवर झटकायचे आणि पडलेली पूड भांडारात परत जायची, असा देवळाचा नियम होता. शेवटच्या दिवशी मात्र केन्ना भट्टीपुढेच कोसळला. लोकांनी त्याला तसाच उचलून आणला. झटकणं राहून गेलं होतं.

तिने त्याचं कमरेचं वस्त्र आणि नाकाला बांधायचं फडकं माठात चोळचोळून धुतलं, पाणी निवळू दिलं, वरचं ओतून टाकलं. तळाशी निळा थर बसला होता. पण कपड्यावर उडते ती सगळ्यात बारीक पूड आणि हा रंग जितका बारीक तितका फिका. तरी माठ घेऊन ती अमेककडे गेली.

"फारच फिका गं, काकू," अमेक बोट बुडवून म्हणाला. मग पेटीकडे बघून हसला. "थांब. खाली काळा आहेच की. त्याच्यावर हाच गडद दिसेल."

भांडाऱ्याने दिलेला काळा असा अस्तराला लागला. निळा कपाळापासून खांद्यांपर्यंत पुरला. मागची बाजू काळीच राहिली.

प्रेतयात्रेला भांडारी आला. पेटी पाहून त्याचा चेहरा बदलला.

"हा कुठून आणलास?"

"त्याच्या अंगावरून."

"म्हणजे देवळाचाच."

"मग घ्या ना खरवडून. सगळे भाऊबंद उभे आहेत, त्यांच्यासमोर घ्या."

भाऊबंद वळून पाहू लागले. भांडारी बिअरचं भांडं घेऊन सावलीला सरकला.

दुसऱ्या दिवशी वेबखेत पाट्यावर बसली. पेटीच्या मागच्या बाजूच्या काळ्या केसांचा राग डोक्यातून जात नव्हता. संध्याकाळी फाटकाशी तिने वस्त्र अगदी हलक्या हाताने झटकलं; बरीचशी पूड कापडातच राहिली.

"जोरात झटक की," पहारेकरी म्हणाला.

"जोर देवळाच्या पाट्यावर गेला," ती म्हणाली आणि चालू लागली.