गोकुळची स्क्रिप्ट आणि करमाडच्या बाया

गोकुळ दमला होता, आणि हे काही एका दिवसाचं दमणं नव्हतं. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो सर्व्हर सांभाळायचा. बापानं कन्नडच्या घाटाखाली मेंढरं राखली, याच्या वाट्याला चारशे युजर आले. मेंढरं निदान फोन तरी करत नाहीत. कुणी पासवर्ड विसरला, कुणाचं खातं अडकलं, कुणी नवीन आलं, कुणी सोडून गेलं, की लाव गोकुळला फोन. त्यात ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. औरंगाबाद चहूकडून फुगत चाललेलं, बायपासच्या पलीकडं इमारतीला इमारत खेटलेली, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा, तेही आलं तर. गोकुळच्या भाड्याच्या खोलीत ते भल्या पहाटे यायचं. धड झोप नाही, रविवारसुद्धा बंद खाती निस्तरण्यात जायचा. घरी जाऊन किती महिने झाले, हे त्याला आईनं विचारलं तरी आठवायचं नाही.

शेवटी त्यानं स्क्रिप्ट लिहायला घेतली. रोजची कामं संगणकाला एकदाच नीट समजावून ठेवायची, मग त्यानं ती आपली आपण करत राहायची, एवढाच तो प्रकार. माणूस आला की खातं उघड, गेला की बंद कर. कारखान्यातली मोठी कटकट म्हणजे लोक न सांगता काम सोडायचे. म्हणून गोकुळनं तिला आणखी एक गोष्ट शिकवली: महिनाभर ज्यानं लॉगिन केलं नाही तो गेला असं समज, त्याचं खातं बंद कर आणि गेटवरचं त्याचं कार्डही बंद कर. मॅनेजर खूश झाला. हे नीट चाललं तर तुझे रविवार तुझे, असं तो तोंड भरून म्हणाला.

रविवारी स्क्रिप्ट पहिल्यांदा चालली. गोकुळ कन्नडला गेला, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि अंगणातल्या बाजेवर मेल्यासारखा झोपला. खरं सांगायचं तर त्या दिवशी तो सुखी होता.

सोमवारी कामावर येऊन टेकतो न टेकतो तोच सिक्युरिटीचा फोन आला. गेटवर बायकांनी गलका केला होता. पॅकिंगमध्ये काम करणाऱ्या करमाडच्या साऱ्या बायांची कार्डं एकजात बंद पडली होती. त्यांना कामाला लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा माणूस तिथंच मोटरसायकलवर बसून सांगत होता की दुपारपर्यंत मिटलं तर ठीक, नाहीतर तो दुसऱ्या बाया आणणार. दुष्काळात कामाला माणसं मागाल तितकी मिळत होती. त्या गर्दीत गोकुळची सख्खी मावशी, भामाबाई, डोक्यावरचा पदर सावरत उभी होती.

गोकुळनं तिला बाजूला घेतलं आणि विचारलं की तुम्ही रोज कामाला येता, मग महिनाभर कुणीच लॉगिन कसं केलं नाही?

"आमच्याकडं टँकर सकाळीच येतो, बाळा," मावशी म्हणाली. "हंडे भरल्याबिगर कसं निघावं? जीप गाठूस्तोवर उशीर होतो, अन् मशीन तर वेळेवर चालू पाहिजे. आमच्या पॅकिंगमधली प्रेरणा इथंच खोली करून राहती, ती आधी येऊन तिच्या नावानं मशीन खोलती. आम्ही सगळ्या तिच्या नावावरच काम करतो. त्यात काय वाईट हाय?"

वाईट काही नव्हतं. गावाकडं एकीनं चूल पेटवली की दुसरी तिथूनच विस्तव नेते, तशातलंच ते. पण दुसऱ्याला आपल्या लॉगिनवर काम करू दिलं तर नोकरी जाईल, हा नियम भिंतीवर लावलेला होता, आणि तो कागद गोकुळनंच लावला होता. खरं सांगितलं असतं तर बाया आत गेल्या असत्या आणि प्रेरणा बाहेर पडली असती. प्रेरणा होती बावीस-तेवीसची, गंगापूरकडच्या घराला तिच्या पगाराचाच आधार. गोकुळ मॅनेजरकडं जायला जिना चढू लागला. स्क्रिप्टनं सांगितलं तेच केलं होतं. तिला टँकरचं सांगायचं राहिलं होतं, कारण ते गोकुळला स्वतःलाच माहीत नव्हतं. सख्ख्या मावशीच्या घरी पाणी कधी येतं, याची त्यानं वर्षभरात चौकशीही केली नव्हती. त्याची त्याला लाज वाटली.

मॅनेजरच्या केबिनमध्ये तो उभ्या उभ्याच बोलला.

"सर, स्क्रिप्ट चुकली. दिवस मोजण्यात माझी गडबड झाली. या बाया रोज येतायत."

मॅनेजरनं चष्मा काढला. एवढ्या गाजावाजानं केलेल्या कामाची ही तऱ्हा, म्हणून तो बराच वेळ बोलला. गोकुळनं सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी मॅनेजर म्हणाला, "टाक ती काढून. पहिल्यासारखं हातानं कर, आणि पुन्हा माझ्यापुढं तिचं नाव काढू नकोस."

गोकुळनं एकेक खातं हातानं उघडलं, एकेक कार्ड चालू केलं. मग इतक्या दिवसांच्या जागरणाचं ते काम त्यानं पुसून टाकलं. पॅकिंगमध्ये जाऊन बायांना हलक्या आवाजात बजावलं की उशीर झाला तरी चालेल, पण यापुढं जिनं तिनं आपल्याच नावानं मशीन उघडायचं. प्रेरणाला त्यानं वेगळं काही सांगितलं नाही. तिला कळलं असावं, कारण ती दिवसभर त्याच्या नजरेला नजर देईना.

जेवणाच्या सुट्टीत भामाबाई त्याच्या सर्व्हरच्या खोलीच्या दारात आली. काय झालं होतं, असं तिनं विचारलं. मशीन बिघडलं होतं, म्हणून त्यानं वेळ मारून नेली. तिनं त्याचा चेहरा निरखला.

"डोळे कसे खोल गेलेत रं तुझे. येत्या रविवारी घरी ये. निवांत झोप. कुणी उठवणार नाय."

"रविवारी काम हाय, मावशी."

"मग पुढल्या?"

"पुढल्या रविवारीबी हाय," गोकुळ म्हणाला, आणि त्यानं वाजणारा फोन उचलला.