देओलिंडा हसत नव्हती

अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डच्या बंदरात, पोर्तुगीज वस्तीत, इदालिना ब्रुम तापट म्हणून प्रसिद्ध होती. पण ते तिच्या तोंडावर म्हणायची छाती एकट्या शेजारणीची, झुल्मिराची. इदालिनाचं उत्तर ठरलेलं असे : "मी तापट नाही गं. तुम्हीच सगळे गार पडलात."

तिची सगळी नोकरी गावच्या बसची ड्रायव्हर म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर रविवारची प्रार्थना आटोपली की ती पायीच भटकायला निघे. आयुष्यभर काचेतून पाहिलेलं गाव आता तिला पायाखाली घालायचं होतं. देवमाशांच्या तेलावर गब्बर झालेल्यांच्या टेकडीवरच्या हवेल्या, बंद गिरण्यांच्या विटकरी भिंती, मग बेकरीतला गोड पाव, आणि तो खात खात धक्का. बोटीवरच्यांना दोन शब्द सुनावल्याशिवाय तिची फेरी पुरी होत नसे.

धक्क्यालगतच्या जुन्या मासळी-कारखान्याचं कुण्या बाहेरच्या कंपनीनं हॉटेल केलं, आणि शेजारच्या बोळाला फाटक लावून कुलूप घातलं. इदालिना बाप्तिस्म्यापासून त्याच बोळातून पाण्यावर जात आलेली. ती वळसा घालते होय! तिनं सरळ हॉटेलचं दार ढकललं आणि आतून निघाली.

पाच-दहा पावलांवरच तिचे पाय थिजले. समोरच्या भिंतीवर, छतापर्यंत पोचेल एवढ्या जुन्या फोटोत, तिची आई देओलिंडा होती. डोक्याला रुमाल, रबरी बूट, तोंड सताड उघडं. खाली लिहिलं होतं : 'हसतमुख मासळीवाली. नाव अज्ञात.'

ते चित्र कधीचं आहे हे इदालिनाला कुणी सांगायला नको होतं. ती तेव्हा आईचा झगा धरून मागंच उभी होती. याच कारखान्यात बर्फातली मासळी कापून बायकांची बोटं बधिर व्हायची, म्हणून त्यांनी हात शेकायला गरम पाणी मागितलं होतं. मालकानं फाटक बंद केलं. बायका बाहेर ठाण मांडून बसल्या, तेव्हा कोण कोण बसलंय ते टिपायला त्यानं फोटोवाला पाठवला. देओलिंडा हसत नव्हती. ती त्या फोटोवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पुढं धक्क्यावरच्या एकाही कारखान्यानं तिला दारात उभं केलं नाही. मरेपर्यंत तिनं मागच्या दारानं जाऊन टेकडीवरच्या हवेल्यांच्या फरश्या पुसल्या.

इदालिनानं मॅनेजरला बोलावलं. केंड्रा व्हिटलॉक नावाची ती तरुणी बोलायला गोड होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, नाव लगेच घालते म्हणाली, वर जेवणाचं आमंत्रणही दिलं. पण संपाचा उल्लेख तेवढा नको, लोक इथं सुट्टीला येतात, असं तिचं म्हणणं पडलं.

"मग 'हसतमुख' तरी काढ," इदालिना म्हणाली.

"पण मॅडम, त्या किती आनंदी दिसतात!"

"पोरी, तुझ्या आईला कुणी उपाशी मारलं, आणि तिची किंकाळी दिवाणखान्यात टांगून वर म्हणालं, बघा कशी गाते, तर तू जेवायला बसशील?"

केंड्रानं पहारेकऱ्याला खूण केली. त्यानं आईच्या चित्राखालून लेकीला दंडाला धरून बाहेर काढलं.

पुढच्या रविवारी इदालिना एकटी आली नाही. कारखान्यातल्या जेवढ्या बायका हयात होत्या, त्यांना तिनं घरोघर जाऊन उठवलं. कुणी काठी टेकत आली, कुणी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून. त्या मऊ कोचांवर बसून राहिल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिल्या, ही देओलिंडा ब्रुम, ही शिव्या देतेय, आणि कुणाला ते ऐका. एका पाहुण्यानं कुठल्या शिव्या म्हणून विचारलं. झुल्मिरानं त्या पोर्तुगीजमध्ये खणखणीत म्हणून दाखवल्या. एरवी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी!

असे बरेच रविवार गेले. शेवटी हॉटेलनं नाव घातलं नाही, संप लिहिला नाही. चित्रच उतरवलं आणि मागच्या, कचरा काढायच्या दारातून इदालिनाच्या हवाली केलं.

"मागच्या दारानं," ती म्हणाली. "अजूनही मागच्याच दारानं."

चित्र कुठल्याच गाडीत मावेना. मग बायकांनीच, सुना-नातवंडांना हाताशी घेऊन, ते उचललं, आणि सणाच्या मिरवणुकीत देवमातेची मूर्ती नेतात तसं रस्त्याच्या मधोमध चढावरून पोर्तुगीज क्लबपर्यंत नेलं. मोटारी मागं खोळंबल्या. एका बसवाल्यानं भोंगा वाजवला, मग कोण आहे ते ओळखून टोपी काढली. क्लबात ते दारूच्या फळ्यांच्या वर टांगलं, खाली नाव घातलं, संपही लिहिला.

लोक म्हणाले, चला, इदालिना शांत झाली. कसली शांत! हॉटेलच्या त्या भिंतीवर आता जहाजाच्या नांगराचं चित्र आहे, आणि बोळाचं कुलूप तसंच आहे. दर रविवारी ती हॉटेलचं पुढचं दार ढकलते, कुणाकडे न बघता आतून चालत धक्क्यावर जाते. आता तिला कुणी अडवत नाही. त्याचाही तिला रागच येतो.