पूर्वीची नोंद: निरंक

त्या शनिवारची दुपार मी विसरू शकलेलो नाही. ओहायोतल्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. विभागात मराठी बोलणारा मी एकटाच.

एकच्या सुमारास वर्दी आली: घरात शिरलेल्या माणसावर घरमालकाने गोळी झाडली. स्वयंपाकघरात पंचविशीचा एक तरुण मरून पडला होता. हात रिकामे. मागच्या दाराशी त्याचे बूट नीट जोडीने ठेवलेले.

"चोर बूट काढून आत येतो का?" सहकारी म्हणाला.

मी त्या मुलाला ओळखत होतो. त्याच क्षणी मी तपासातून बाजूला व्हायला हवं होतं. झालो नाही.

घरमालकाचा जबाब मीच घेतला. साठीचा माणूस, त्याच आठवड्यात राहायला आलेला, बायको आजारी. खोटं बोलणारा दर वेळी तपशील वाढवतो. हा तीन तास तेच सांगत होता. "दोनदा थांब म्हणालो. मी फ्रिजसमोर उभा होतो. तो सरळ माझ्याकडेच आला."

संध्याकाळी स्टेशनवर टेक्सासहून फोन आला. ते घर विकून गेलेल्या मराठी काकू होत्या.

"तो दर शनिवारी यायचा हो, मागच्या दाराने. फ्रिजमधून श्रीखंडाचा डबा काढायचा, खायचा, जायचा. आम्ही गेलो हे त्याला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं असेल, काकू. समजलं नसेल."

मग मी आपत्कालीन फोनचं रेकॉर्डिंग ऐकलं. गोळी झाडण्याआधी घरमालक दोन मिनिटं लाइनवर होता. "कानाला मोठे हेडफोन आहेत, गुणगुणतोय, उत्तर देत नाही." फोनवरच्या बाईने विचारलं, "ओळखीचा आहे का?" तिच्या स्क्रीनवर त्या गल्लीबद्दल काहीच नव्हतं. असायला हवं होतं. नव्हतं ते माझ्यामुळे.

दोन महिने आधी तो असाच दुसऱ्या एका घरात शिरला होता. मी त्याला त्याच गल्लीतल्या त्याच्या घरी सोडलं. तो स्वमग्न होता, ऑटिस्टिक. बाविसाव्या वर्षी शाळेची मदत संपली, अशा मुलांच्या डे सेंटरची वेटिंग लिस्ट हलत नव्हती, डॉक्टरची अपॉइंटमेंट चार महिन्यांनंतरची. वडील आयटीत. ते हात जोडून म्हणाले:

"साहेब, प्लीज, रेकॉर्डवर नको. ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. महाराष्ट्र मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील?"

"फॉर्म भरला तर सोशल वर्कर येईल. कंट्रोल रूमला त्याचं वर्णन राहील."

"आणि उद्या ते त्याला उचलून कुठे ठेवतील? साहेब, तुम्ही आपले आहात."

मी चहा घेतला आणि फॉर्म फाडला. आपल्या माणसाचं काम केलं, असंच मला गाडीत बसताना वाटत होतं.

मुलगा गेल्यावर वडिलांचा जबाब घेताना मी विचारलं, "आधी कधी असं झालं होतं?" ते माझ्याकडे बघत राहिले. "नाही," म्हणाले. अहवालात मी लिहिलं: पूर्वीची नोंद, निरंक. कायद्याने तो स्वसंरक्षणाचा मामला ठरला. घरमालकावर आरोप ठेवला गेला नाही, फाइल बंद झाली.

नोकरीत मी अनेक नोंदी केल्या, बहुतेकांचा कुणाला उपयोग झाला नाही. म्हणूनच एक नोंद गाळणं सोपं वाटलं. आजारी मुलाला घरात लपवणाऱ्या आईबापांना मी आता एवढंच सांगतो की बदनामीने कुणी मरत नाही.

यंदा मी विभागाला सही करून खरा जबाब दिला. त्याआधी मुलाच्या आईला भेटलो. त्यांना फॉर्मचं माहीत नव्हतं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हे त्या घरमालकाला सांगितलंत?"

सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेलो. त्याने दारातच सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे फोनवरच्या बाईने मला सांगितलं असतं, हा शेजारचा मुलगा आहे म्हणून?"

"हो."

त्याने दार लावून घेतलं.