पत्रिकेवरचा लाल चतुर

आमच्या तनूचं लग्न मामावाचून लागायची वेळ आली, आणि दोष सर्वस्वी एका किड्याचा होता. (दोन पायांच्या किड्याचा, असं आमची ही म्हणते.)

मी टपाल तिकिटं जमवतो. त्यातही किड्यांची. माणसांच्या तिकिटांना गर्दी फार! यंदा हाती लागला होता आपल्याकडच्या चतुरांचा संच. चतुर म्हणजे पाण्यावर घिरट्या घालणारा, चार पंखांचा तो किडा, ज्याला पोरं हेलिकॉप्टर म्हणतात. निळा, पिवळा, हिरवा आणि सगळ्यांचा राजा, लालभडक! लग्नानंतरच्या आठवड्यात नाशकात तिकिटांचं प्रदर्शन होतं आणि माझा संग्रह पहिल्यांदाच मांडला जाणार होता. त्यामुळे घरात लगीनघाई आणि मी किड्यांच्या तयारीत.

"अहो, पत्रिकांना तिकिटं लावायचीयेत. कुठेत?" शोभानं आतून विचारलं.

"कपाटात. लावून टाक!" फाइलमधून मान वर न काढता मी हुकूम सोडला.

संध्याकाळी वधूपित्याच्या रुबाबात सगळी पाकिटं टपालपेटीत टाकून आलो. मी. स्वतःच्या हातानं!

घरी येऊन कपाट उघडलं, तर उरलीसुरली साधी तिकिटं जागेवर आणि चतुर गायब.

"शोभा, किडे कुठे गेले?"

"अय्या, ती चित्रांची? मला वाटलं लग्नासाठी हौसेनं आणलीत! मानाच्या घरांना लावली. अण्णाला मुद्दाम लाल!"

अण्णा म्हणजे शोभाचे थोरले बंधू. इगतपुरीला राहतात, रेल्वेतून निवृत्त. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि रुसायचा मान अण्णांनी जन्मभर स्वतःकडेच ठेवलेला.

शिक्का बसलेलं तिकीटही प्रदर्शनात चालतं. म्हणून पत्रिका पोचल्यावर मी स्कूटर काढली. आधी पंचवटीतली आत्या.

"आत्या, ते पाकीट परत मिळेल?"

"पत्रिका परत? अरे, माझं काय चुकलं?"

"पत्रिका ठेव गं! नुसतं वरचं पाकीट दे."

"म्हणजे मी येऊ की नको?"

पाकीट मिळालं. सिडकोत आणि नाशिकरोडला हाच संवाद झाला, फक्त आवाज चढत गेले. पण माझ्या स्कूटरपेक्षा आत्याचा फोन वेगवान! 'दाजी पत्रिका गोळा करत फिरतायत' ही बातमी माझ्याआधी इगतपुरीला पोचून चहा पिऊन बसली होती.

अण्णा ओट्यावर. पाकीट मुठीत.

"या दाजी! आता आमचा नंबर का?"

"अण्णा, गैरसमज होतोय. मला फक्त तो चतुर..."

"मामा नको असेल तर सरळ सांगा की! पोरीला मांडवात आणायला दुसरा बघितला असेल!"

"अहो, किडा हवाय मला! त्या कोपऱ्यातला!"

दारातून वहिनी हळहळल्या, "अगं बाई, लग्नाचं टेन्शन डोक्यात गेलं वाटतं. दाजी, सरबत देऊ का?"

तेवढ्यात शोभाचा फोन. स्पीकरची गरज नव्हती. "अण्णा आला नाही तर माझी तनू बोहल्यावर चढणार नाही, आणि तुम्ही घराची पायरी!"

पाकिटाकडे गेलेला हात मी मागे घेतला. "अण्णा, पाकीट तुमचंच. पण लग्नाला या!"

"येतो," अण्णा म्हणाले, "पण पाकीट घेऊन. तुमचा काय भरवसा? मांडवाच्या दारात अडवलंत तर पुरावा नको?"

आणि आले की! एका हातात तनूचा हात, दुसऱ्या हातात पाकीट. अक्षता पडल्या, पंगत उठली, तरी पाकीट खाली ठेवलं नाही. भेटेल त्याला दाखवत होते, "बघा, रीतसर बोलावलंय मला!" जेवताना मठ्ठ्याचा एक थेंब लाल चतुराच्या शेपटीवर उडाला आणि माझे डोळे भरून आले. (मुलीचा बाप आहे, म्हणून चार बायकांनी पदर डोळ्यांना लावला.)

प्रदर्शनात तीन चतुर झळकले. चौथ्या चौकटीत मी लग्नातला घरच्यांचा फोटो लावला. मधोमध अण्णा, छातीशी पाकीट. भिंग धरलं की लाल चतुर स्पष्ट दिसतो. आणखी जरा शोधलं तर मीही सापडतो: वर उजव्या कोपऱ्यात, बरोब्बर तिकिटाच्या जागी, कसाबसा चिकटलेला!